डोहातले चौसष्ट जोड

२० एप्रिल १९९९, मंगळवार. नागभीड

कोरपन्याच्या सिमेंटवाल्याने जानेवारीत दिलेली डायरी आज उघडली. चार महिने कोरीच पडून होती. यंदा रेघा फार फिक्या छापल्या आहेत, दोनदा ओळ चुकली. मुंबईच्या समुद्रात पाइप टाकायच्या जहाजावर होतो तेव्हा चौदा वर्षं रोज लिहायचो. किती जोड झाले, वारा कसा होता, कोण आजारी पडलं. घरी परतल्यापासून सहा वर्षांत लिहिण्यासारखं काही घडलं नाही. खिडक्यांच्या जाळ्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, फाटकं. वेल्डिंगचं दुकान चालतं, पण त्यात लिहायचं काय?

आज दुपारी पाणीपुरवठ्याच्या ज्युनिअर इंजिनिअर दुकानात आल्या. रिना रामटेके. वय असेल सत्तावीस. मोटारसायकलवर स्वतः आल्या, तोंडाला ओढणी बांधून.

"जलालुद्दीन शेख तुमीच का? जहाजावरून पाइप टाकायचं काम केलेले?"

"केलेलं हाये. पण इथी समुद्र कुठून आणता मॅडम?"

"समुद्र नाई, वैनगंगा."

मग त्यांनी सांगितलं. नदीच्या अलीकडे विहीर आणि पंप झाला आहे. पलीकडे, गडचिरोली जिल्ह्यात, अकरा गावं आहेत. तिथल्या हातपंपांच्या पाण्यात फ्लोराइड आहे. पोरांचे दात पिवळे होतात, चाळिशीत गुडघे आखडतात. पाणी नदीखालून न्यायचं, आणि मधे डोह. उन्हाळ्यातही तीनशे ऐंशी मीटर रुंद पाणी, खोल जागी पंचवीस फूट. दोन ठेकेदार पळाले. तिसऱ्याने मुंबईहून लोखंडी पेट्या आणल्या आहेत, त्या जोडून तरंगता तराफा करायचा. पण त्यावरून पाइप टाकलेला एकही माणूस त्याच्याकडे नाही.

"जून लागला की नदी चढते चाचा," त्या म्हणाल्या. "यंदा नाई झालं तर निधी परत जातो."

मी हो म्हणालो. रशिदा रात्री जेवताना बोलली, "चौपन्न वर्षांचे झाले. आता कायले जाता पाण्यात?" मी म्हणालो, नदी आहे, समुद्र नाही. ती माझ्या ताटातल्या मासोळीचे काटे काढून देत होती. ही नवीन सवय तिला कधी लागली कोणास ठाऊक.

२५ एप्रिल, रविवार. नदीकाठ

रशिदाच्या भावाला, मोहसीनला, माजरीहून बोलावून घेतलं. तिथं खाणीच्या वर्कशॉपात ठेकेदाराकडे वेल्डर होता. अडतीस वर्षांचा आहे, हात चांगला आहे. असायचाच, मीच शिकवला. मला दुल्हाभाई म्हणतो आणि माझ्यासमोर अजून विडी ओढत नाही.

आठ पेट्या बोल्टांनी जोडल्या. पंचवीस मीटर लांब, नऊ रुंद. गावातले लोक काठावर बसून पाहतात आणि त्याला जहाज म्हणतात, तर मीही जहाजच म्हणतो. चार कोपऱ्यांना चार लंगर, त्यांचे दोर ओढायला चार विंच. मधोमध रोलरांची रांग. मागे पाण्यात जाणारी उतरण, मुंबईला तिला स्टिंगर म्हणतात. इथले मजूर शेपूट म्हणतात, ते बरं आहे.

मॅडमना समजावून सांगितलं. पाइप रोलरवरून शेपटीवर वाकतो, मग पाण्यात मोकळा लोंबतो, मग तळाला टेकताना उलटा वाकतो. पहिलं टोक काठावर गाडलेल्या खांबाला बांधलेलं. पाइप जागेवरच राहतो, जहाज त्याच्या खालून पुढं सरकतं. आणि पूर्ण वेळ जहाजाने पाइप ओढून धरायचा. ओढ ढिली पडली की पाइप उसासारखा मोडतो.

"ओढून धरायचा कशानं?"

मुंबईला त्याची मशीन असते, एका मशीनच्या किमतीत दहा गावं नळाची होतील. मी भंगारातून ट्रकची चार चाकं आणवली. दोन खाली, दोन वर, मधे पाइप आवळायचा, चाकांना ब्रेक. मॅडम वाकून वाकून पाहत होत्या. म्हणाल्या, "हे कोणत्या पुस्तकात हाये?"

पाठ मोडली आहे. झोपतो.

२९ एप्रिल, गुरुवार

पहिला जोड. रिकामा पाइप पाण्यावर तरंगतो म्हणून प्रत्येकावर सिमेंटचा जाड थर चढवलेला, फक्त टोकं उघडी. सहा मीटरचा एक पाइप, एकूण जोड चौसष्ट. रोज दोन झाले तर महिनाभरात पलीकडे.

जोडाच्या फटीत वेल्डिंगचा पहिला थर मी भरतो, वरचे थर मोहसीन. सगळं पहिल्या थरावर असतं. आत कुठं पोकळी राहिली तर वरून कितीही सुंदर मलमपट्टी करा, दाब आला की तिथूनच उघडतं. नागपूरचा फिल्मवाला प्रत्येक जोडाचा एक्सरे काढतो, काठावरच्या काळ्या तंबूत धुतो, आणि पास झाल्याशिवाय जोड शेपटीवर जात नाही. रजिस्टरमध्ये प्रत्येक जोडापुढे लिहितात पहिला थर कोणाचा. माझं नाव "ज". पहिला जोड पास.

नदीचा माणूस लालसू मडावी आहे. पलीकडच्या गावचा. पन्नाशीचा असेल, दात तपकिरी, मान वळवायची तर पूर्ण अंग वळवतो. पण डोंग्यात बसला की वेगळाच माणूस. लंगर कुठं धरतो, कुठं रेती आहे, कुठं खडक, सगळं पाण्याकडं पाहून सांगतो.

३ मे, सोमवार

आठ जोडांत चार फेल. दुसरा, पाचवा, सहावा, आठवा. फिल्मवाल्याने उजेडासमोर फिल्म धरून दाखवलं, "ये देखो चाचा, काली लाइन." मला काही लाइन दिसली नाही. त्याचा बल्बही घाण होता, भोवती कडं पडत होतं. मोहसीनने पाहिलं आणि म्हणाला, "हाये दुल्हाभाई." चारही जोड कापून त्यानेच पुन्हा केले, मी विंचवर होतो.

चौदा वर्षांत माझे एकूण नऊ जोड फेल गेले होते. चौदा वर्षांत. हे वेल्डिंगचे रॉडच भिकार आहेत. ठेकेदाराने सर्दावलेली पेटी आणली असणार. शिवाय नदीवर दुपारी वारा असतो, रेती उडते, काचेवर बसते. मी मॅडमना सांगितलं, नवे रॉड मागवा. त्या मोहसीनकडे पाहत होत्या. म्हणाल्या, "मागवते चाचा."

५ मे, बुधवार

काल नवे रॉड आले. काल-आजचे चारही पास. मी म्हणालो होतो.

११ मे, मंगळवार

चार तारखेपासून एकही फेल नाही. चोवीस जोड झाले. फिल्मवाला आता मला फिल्म दाखवतही नाही, तंबूतूनच हात वर करतो. चांगला रॉड असला की हात चालतोच.

एक गोष्ट मनाला लागली आहे. मोहसीन नमाजेत ढिला पडला. सुरुवातीला जोहरला, दुपारच्या नमाजेला, माझ्याबरोबर काठावर यायचा. सकाळचा पहिला थर भरून झाला की लालसू आम्हाला डोंग्यातून काठावर न्यायचा. हातपाय धुऊन वजू, नमाज, डबा, आणि परत. आता म्हणतो, "तुमी व्हा पुढं, मी मागून पढतो." उन्हं कलताना असरच्या नमाजेलाही तेच. परत येतो तर हा घामाघूम, मास्क डोक्यावर, वरचे थर अर्धे भरलेले. एवढी काय घाई आहे? आज विचारलं, पढलास का? खाली मान घालून म्हणाला, "नाई झाली." मी सर्वांसमोर बोललो त्याला. चाळिशीला आला, दोन लेकरांचा बाप, अल्लाहसाठी दहा मिनिटं नाहीत? पैसे कमवायला आलास का फक्त?  लालसू डोंग्यातलं पाणी उपसत बसला होता, त्याने अंग वळवून माझ्याकडे पाहिलं आणि परत उपसायला लागला.

ऊन सेहेचाळीसवर. लोखंडाला हात लागत नाही.

१४ मे, शुक्रवार

आज काम अर्धाच दिवस. लालसूच्या घरी जेवलो, पलीकडे. त्याची आई सोनीबाई, सत्तरीच्या पुढची. गुडघे इतके आखडले की उठताना दोन्ही हात जमिनीवर टेकून आधी कंबर वर करते. तिच्या घरापासून नदी दिसते, पण दरड उंच आहे. उतरून पाणी आणणं तिच्याने होत नाही, म्हणून हातपंपाचंच पिते. ज्या पाण्यानं गुडघे गेले तेच.

मला म्हणाली, "तू जहाजवाला काय रे भाऊ?"

"हो बाई."

"कवा येईल मंग पाणी?"

मी म्हणालो, पाइप तर जूनमध्ये येतो. ती समाधानाने हसली. बाकीचं मी बोललो नाही. गावची टाकी अजून कागदावरच आहे, असं मॅडम म्हणतात.

परतताना डोंग्यात चढताना पाय चुकला, घोट्याला लागलं. डोंगा जरा हलला असावा.

१९ मे, बुधवार

आज मेलो असतो. लिहून ठेवतो.

साडेतीनला वावधन सुटलं. पश्चिमेकडून मातीची भिंत आली आणि दिवस मावळल्यासारखं झालं. एकोणचाळिसावा जोड रोलरवर होता. प्रवाहाच्या वरच्या अंगाचा डावा लंगर रेतीतून घसरला. जहाज फिरायला लागलं, आणि पाइप तर मागे दीडशे हातांवर तळाला टेकलेला. म्हणजे शेपटीवर तो आडवा वाकणार. विंचवाला पोरगा घाबरून ओरडला, "ब्रेक सोडू का? सोडू का?"

मी पाइपवर दोन्ही तळवे ठेवले. कसं सांगू ते कळत नाही. पाइप बोलतो. ओढ बरोबर असली की बारीक गुणगुण लागते, वाकायला लागला की ती तुटक होते. ती तुटक होत होती, पण थांबली नव्हती. मी ओरडलो, "ब्रेकले हात लावशील तर हात तोडीन! खालच्या अंगाचे दोर ढिले सोड, दोन्ही!" मोहसीन धावला. जहाजाला अडवायचं नाही, वाऱ्याबरोबर थोडं फिरू द्यायचं, म्हणजे पाइपही सरळ रेषेत येतो. तेवढ्यात लालसू सुटा लंगर डोंग्यात घालून गेला. त्या वाऱ्यात, एकटा. त्याला खडक ठाऊक होता. हातवारे करून काही सांगत होता म्हणे, मला त्या धुळीत दिसला नाही, पण दोर ताणल्याचा आवाज आला आणि तळव्याखाली गुणगुण परत लागली.

वीस मिनिटांत सगळं शांत. मॅडम काठावरून आल्या. म्हणाल्या, "चाचा, तुमी नसते तर आज पाइप गेला असता."

मोहसीन माझ्याजवळ येऊन बसला.  मग म्हणाला, "दुल्हाभाई, तुमी विंचवरच राहा ना आता. पहिला थर मी भरतो. तुमचं खरं काम हेच हाये."

म्हणजे एक वादळ काय झालं, हा माझी जागा मागतो. मी म्हणालो, "मी मरेन तवा भर." तो उठून गेला.

२७ मे, गुरुवार

आज जे झालं ते लिहावं की नाही, तासभर विचार केला. लिहितो.

लालसूला ताप होता, डोंगा चालवायला कोणी नाही. सकाळचा पहिला थर भरला, त्रेपन्नावा जोड, आणि जोहरला काठावर न जाता जहाजाच्या पुढच्या टोकाला, जनरेटरच्या आडोशाला मुसल्ला टाकला. मोहसीनला वाटलं, मजूर ये-जा करतात त्या लहान तराफ्यावरून मी काठावर गेलो.

नमाजेच्या दुसऱ्या रकातीत होतो तेव्हा ग्राइंडरचा आवाज आला. वरचे थर भरताना ग्राइंडर जरासाच फिरवतात, साफ करायला. हा आवाज तसा नव्हता. हा खोल जात होता. लोखंड पूर्ण कापत जातं तेव्हा आवाज शेवटी पातळ होतो, तो मला झोपेतही ओळखू येईल. नमाज कशी पुरी केली ठाऊक नाही.

गेलो. मोहसीन गुडघ्यांवर बसलेला, माझा पहिला थर सगळा कापून काढलेला. बोट फिरवून पाहिलं, स्वच्छ उघडी फट. शेजारी फिल्मवाला बॅटरी धरून उभा. म्हणजे यालाही माहीत.

"किती दिवसांपासून?" मी विचारलं.

मोहसीनने मास्क काढला. "नव्या रॉडच्या दिवसापासून."

"सगळे?"

"आधी बॅटरी लावून पाह्यतो. चांगला असला तर हात नाई लावत."

"मॅडमले माहीत हाये?"

तो ग्राइंडरची तार गुंडाळायला लागला. म्हणजे माहीत होतं.

"काऊन नाई सांगितलं मले?"

"कसं सांगू दुल्हाभाई?" तो म्हणाला. "रॉडचा होल्डर धरायले तुमीच शिकवलं. तुमी फटीच्या बाजूनं जाऊन राह्यले. अर्धा सूत, एक सूत बाजूनं. तुमाले फट दिसत नाई. रॉड चांगलेच होते, पयलेपासून."

मी हात उचलला होता. मारला नाही. कारण त्या क्षणी आठवलं की ही जोहरची वेळ आहे, आणि असरचीही रोज हीच गत, आणि मी त्याला चारचौघांत काय काय बोललो होतो.

माझा होल्डर तिथंच सोडला, चपला घातल्या. मजुरांच्या तराफ्यावरून काठावर, आणि संध्याकाळच्या एसटीने नागभीड.

२९ मे, शनिवार. नागभीड

रशिदालाही माहीत होतं. तिला मराठी वाचता येत नाही, उर्दूच येतं. म्हणाली, "मले अक्षर नाई समजत, पण तुमच्या ओळी एकमेकीच्या अंगावर चढून राह्यल्या, ते तर दिसते ना. ताटात काटा दिसत नाई, दाराची कडी चाचपता. विचारलं की अंगावर येता. मंग म्या विचारणंच सोडलं."

आता ही मागची पानं उजेडात धरून पाहिली. खरंच ओळी चढलेल्या आहेत.

३१ मे, सोमवार

ब्रह्मपुरीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे आयशा घेऊन गेली. लेकीचा हात धरून रस्ता ओलांडला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा पिकलेला. डॉक्टर म्हणाले, "वर्षभर तरी झालं असेल. इतके दिवस कसं चालवलं?" मी म्हणालो, चालत होतं. जूनच्या शेवटी ऑपरेशन. नंतर चष्म्याने दिसेल. वेल्डिंगचं विचारलं तर म्हणाले, आता नको.

चाळीस वर्षांचं काम त्यांनी चिठ्ठीच्या मागच्या बाजूला औषध लिहिता लिहिता संपवलं. राग येत नाही. कशाचाच येत नाही. दिवसभर खाटेवर पडून पंख्याकडे पाहिलं. पंखा तीनच पात्यांचा आहे हे मला ठाऊक आहे म्हणून तीन दिसतात.

१ जून, मंगळवार

दुपारी दारात मोटारसायकल थांबली. रामटेके मॅडम. रशिदाने सरबत दिलं, ते तसंच हातात धरून बसल्या.

"चाचा, पाच दिवस झाले, जहाज एक फूट सरकलं नाई. मोहसीनभाऊनं दोन जोड करून ठेवले. पण ओढायचं कोण? परवा प्रयत्न केला तर पाइप असा कुरकुरला की सगळ्यांनी हात सोडले. आणि वरच्या अंगाले, भंडाऱ्याकडं, पाऊस सुरू झाला म्हणते."

मी म्हणालो, "आंधळा माणूस कायले पाह्यजे तुमाले?"

"पाह्यचं काम मी करते ना," त्या म्हणाल्या. "तुमी हात ठेवा."

मग म्हणाल्या, "माझी चूक झाली. पयल्याच दिवशी सांगायले पाह्यजे होतं. मले वाटलं तुमी सोडून जाल, आणि पाइप राहील."

खोटं बोलल्या असत्या तर मी गेलो नसतो. त्यांना पाइप हवा होता, म्हणून मला फसवलं, हे त्यांनी माझ्याच घरात बसून माझ्या तोंडावर सांगितलं. रशिदा आतून म्हणाली, "जा. इथी पंख्याखाली पडून काय होते?"

२ जून, बुधवार. नदीकाठ

आलो. मोहसीन समोर आला आणि उभाच राहिला. मी होल्डर त्याच्या हातात दिला. वेल्डिंगची काच माझी होती, जर्मन, मुंबईच्या जहाजावरची, तीही दिली. म्हणालो, "माह्या तोंडून जे गेलं ते माफ कर." तो म्हणाला, "दुल्हाभाई, असं नका करू," आणि लहान पोरासारखा रडला. मजूर पाहत होते. पाहू दे.

आजपासून मी चाकांपाशी, पाइपवर हात ठेवून. विंचचे हुकूम मी देतो. लंगर कुठं आहे, दोर किती ताणला, काठ किती राहिला, हे मॅडम सांगतात. बारा मीटर सरकलो.

६ जून, रविवार

चौसष्ट झाले.

पाणी दोन दिवसांपासून गढूळ आहे, काल वीतभर चढलं. आज सकाळी लालसू म्हणाला, "भाऊ, आज नाई तर नाई." चार जोड एका दिवसात केले. मोहसीन जेवला नाही. शेवटच्याला उन्हं कलली होती. फिल्मवाल्याने ओली फिल्मच बाहेर आणली आणि ओरडला, "पास!"

मग शेवटची ओढ. टोकाला तार बांधून पलीकडच्या काठावरून ट्रॅक्टर ओढणार आणि आम्ही इकडून हळूहळू सोडणार. दोन्हीकडची ओढ सारखी राहायला हवी. हातभर कमीजास्त झालं तर महिनाभराची मेहनत डोहात. मॅडम एकेक सांगत होत्या. "ट्रॅक्टर थांबला. निघाला. तार पाण्याबाहेर आली." मी डोळे मिटूनच घेतले, अर्धवट दिसण्यापेक्षा ते बरं. तळव्याखाली गुणगुण, गुणगुण. एकदा तुटली, मी "धर!" म्हणालो, धरलं, पुन्हा लागली. पाऊण तास. मग पाइप हातातून सुटून शेपटीवरून घरंगळत गेला आणि तळव्याखाली काहीच राहिलं नाही.

पलीकडून आरडाओरडा ऐकू आला. मी विचारलं, "काय झालं?"

मॅडम म्हणाल्या, "रेतीवर आला चाचा."

मी तिथंच पेटीवर बसलो. आनंद व्हायला हवा होता. झोप आली.

९ जून, बुधवार

काल सकाळी पाइप पाण्याने भरून दाब दिला. बारा किलो, चोवीस तास टिकायला हवा. काटा पाहायला लालसू बसला. त्याला आकडे येत नाहीत. मॅडमनी काट्यासमोर खडूची रेघ मारून दिली. मी दर तासाला विचारायचो, तो म्हणायचा, "रेघेवरच हाये भाऊ." आज सकाळीही रेघेवरच होता. सर्वांनी हात मिळवले. ठेकेदाराने पेढे आणले.

मी मॅडमना म्हणालो, रजिस्टर आणा.

"कायले?"

"त्यात माह्या नावाचे जोड किती?"

त्यांनी मोजले. "त्रेपन्न."

"ते खोटं हाये. दुरुस्त करा."

त्या म्हणाल्या, कागद साहेबांकडे गेला तर चौकशी होईल, आता पाइप पास आहे, कोणाचं काय अडलं? मी म्हणालो, "मॅडम, वीस वर्षांनी एखादा जोड उघडला तर पाहणारा विचारील हे कोणाच्या हातचं. त्याले बरोबर नाव भेटलं पाह्यजे. आणि नाई उघडला, तरी भेटलं पाह्यजे."

मोहसीनला बोलावलं. "खरे माझे कोणते, सांग. दया करू नको."

तो उभाच्या उभा सांगत गेला, त्याला सगळे पाठ होते. एक, तीन, चार, सात. बारा. एकोणीस. तीस.

"बस?"

"बस."

सात. मी मनात धरलं होतं वीसेक तरी असतील. मॅडमनी बाकीच्यांसमोर "ज" खोडून "मो" लिहिलं, प्रत्येकापुढं सही केली, सेहेचाळीस वेळा "मो". मला वाटलं होतं त्रास होईल. झाला. पण कमी झाला.

११ जून, शुक्रवार

नदी चढते आहे. जहाजाच्या पेट्या सोडवून काठावर घेतल्या. मोहसीन उद्या माजरीला परत जातो.

आज पाइप धुवायला अलीकडचा पंप चालू केला. पलीकडचं टोक उघडं ठेवून घाण बाहेर काढायची आणि मग टोकाला झाकण लावून बंद करायचं. टाकी होईपर्यंत बंदच. टाकीला दोन वर्षं लागतील म्हणतात. जास्तही.

आम्ही पलीकडे गेलो. पाइपचं टोक दरडीच्या वर, गावाच्या वाटेला लागून आहे. आधी हवा आली, मग गंजकट लाल पाणी, मग अर्ध्या तासाने स्वच्छ, जाड धार. लोक जमले होते. नदी खाली वाहत होती, हे तिचंच पाणी. तरी बायांनी घरी जाऊन पाण्याचे गुंड आणले, लेकरं धारेखाली शिरली, कोणी बैल घेऊन आला.

सोनीबाई काठी टेकत आली. लालसूने तिचा गुंड धारेखाली धरला, भरला, तिच्यासमोर ठेवला. तिने ओंजळ भरून पाणी प्यायलं आणि तोंड पुसलं.

"उद्या बी येईल का रे भाऊ?" तिने मला विचारलं.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "नाई बाई. टाकी व्हायची हाये. आज सांजपर्यंतच."

तिने मान हलवली. मग लालसूला म्हणाली, "घरचा मोठा गुंड बी आण. अन् शेजारच्या म्हातारीले हाक मार." आणि काठी बाजूला ठेवून, दोन्ही हात जमिनीला टेकत, धारेजवळ बसून राहिली.